वकिलाच्या ऑफिसातल्या पीडीएफ लिंका: एक क्लिक, डबल क्लिक आणि कंट्रोल-क्लिकची भानगड

पार्श्वभूमी

कोल्हापुरातलं एक वकिलाचं ऑफिस. नावं काढलीत, ओळख पटेल असे किरकोळ तपशील बदललेत, बाकी सगळं जसं झालं तसं लिहितेय. मी अशा छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं बघते, म्हणजे प्रिंटर बंद पडला, मेल अडकला, बॅकअप कुठे गेला वगैरे. या ऑफिसात एक सीनियर वकीलसाहेब, वय साठच्या पुढे, हाताखाली दोन ज्युनियर, टायपिंगला एक काकू आणि कोर्टाच्या चकरा मारणारे क्लार्कमामा.

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि या ऑफिसात हायकोर्टाची मॅटर्स एकदम वाढली. आधी मुंबईला पाठवायची ती कामं आता घरच्या दारात. त्यामुळे मोठमोठी पेपरबुकं, म्हणजे एका मॅटरची सगळी कागदपत्रं एकत्र, शंभर-दोनशे-चारशे पानांची, रोजच्या रोज तयार व्हायला लागली, ई-फायलिंगसाठी पीडीएफ करा, बुकमार्क (बाजूच्या पट्टीत दिसणारी, दाबली की त्या पानावर नेणारी नावं) घाला, ओसीआर (स्कॅनमधला मजकूर शोधता येईल असा) करा हे सगळं ज्युनियरच्या गळ्यात. एक ज्युनियर उत्साही निघाली, तिने बुकमार्कच्या पुढे जाऊन अख्ख्या अनुक्रमणिकेला लिंका घातल्या. एक्झिबिट ए (सोबत जोडलेला पहिला दस्तऐवज) वर क्लिक केलं की थेट त्या पानावर. शिवाय ज्या निकालांचे दाखले दिलेत त्यांच्या वेबसाइटच्या लिंका. कल्पना चांगलीच होती, साहेबांनाही पहिल्या दिवशी फार आवडली.

त्यात अजून एक गोष्ट त्याच सुमारास झाली. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि ऑफिसातल्या दोन जुन्या मशिनी विंडोज 11 च्या अटीत बसत नव्हत्या, म्हणून त्यांच्यावर उबुंटू 24.04 (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. साहेबांचा लॅपटॉप नवा, त्यावर विंडोज 11 आणि अॅक्रोबॅट रीडर. ज्युनियरच्या लॅपटॉपवर पीडीएफ क्रोममध्ये उघडायची. काकूंच्या आणि क्लार्कमामांच्या मशीनवर उबुंटूचा डॉक्युमेंट व्ह्युअर, म्हणजे एविन्स. म्हणजे एका ऑफिसात एकच पीडीएफ तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडत होती, आणि हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं, ते आपोआप तसं होत गेलं होतं.

अडचण काय होती

मला फोन आला तो असा, "मॅडम, साहेबांची पीडीएफ सारखी उडतेय, रीडर खराब झालाय बहुतेक, नवीन टाका."

रीडर व्यवस्थित होता. मी गेले तेव्हा साहेबांना म्हटलं तुम्ही नेहमीसारखं वाचा, मी नुसती बघते. साधारण अर्धा तास बसले आणि हळूहळू सगळं दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे साहेब लिंकवर डबल क्लिक करतात. गेली वीस-पंचवीस वर्षं विंडोजमध्ये फाइल उघडायची तर डबल क्लिक, फोल्डर उघडायचं तर डबल क्लिक, हाताला तीच सवय. पीडीएफमध्ये लिंक पहिल्याच क्लिकला उघडते, पान बदलतं, आणि दुसरा क्लिक नव्या पानावर जिथे कर्सर असेल तिथे पडतो. तिथे नुसता मजकूर असेल तर एखादा शब्द निळा होतो, तेवढंच. पण तिथे दुसरी लिंक असली तर पुढचं पान. साहेबांच्या दृष्टीने एका कृतीत दोन उड्या झाल्या.

दुसरं, ज्युनियरने अनुक्रमणिकेची अख्खी ओळ लिंक केली होती. अनुक्रमांक, तपशील, तारीख, पान नंबर, सगळं एका पट्ट्यात. आता साहेब वाचताना कर्सर ओळीवरून फिरवतात आणि मधेच सवयीने क्लिक करतात, बोट ठेवून वाचल्यासारखं. की गेलं पान. अनुक्रमणिका वाचायला उघडायची आणि दर दोन मिनिटांनी एक्झिबिटच्या पोटात जाऊन पडायचं.

तिसरं, तिथून परत यायचं कसं ते कोणालाच माहीत नव्हतं. रीडरमध्ये ऑल्ट दाबून डावा बाण मारला की आधीच्या जागी येतं, पण हे सांगणार कोण. साहेब माउसचं चाक फिरवत फिरवत पान 212 वरून पान 3 वर यायचे.

चौथं, झूम. साहेब दीडशे टक्क्यावर वाचतात, डोळ्यांना तेवढं लागतं. लिंकवर क्लिक केलं की अख्खं पान स्क्रीनमध्ये बसेल एवढं बारीक व्हायचं. हे मला आधी रीडरचं सेटिंग वाटलं, पण ते फाइलमध्येच होतं. लिंक कुठे न्यायची यासोबत किती झूमवर दाखवायचं हेही पीडीएफमध्ये लिहून ठेवता येतं, आणि ज्युनियरच्या पीडीएफ एडिटरने प्रत्येक लिंकला "पूर्ण पान बसव" असं लिहून टाकलं होतं.

आणि पाचवं, वेबसाइटच्या लिंका. साहेबांच्या रीडरमध्ये त्यावर क्लिक केलं की सुरक्षेची पाटी यायची, डॉक्युमेंट अमुक साइटला जोडू पाहतंय, अलाउ की ब्लॉक, साहेब घाबरून प्रत्येक वेळी ब्लॉक. ज्युनियरच्या क्रोममध्ये तीच लिंक त्याच टॅबमध्ये उघडायची आणि पीडीएफ गायब. काकूंच्या एविन्समधून ब्राउझर वेगळा उघडायचा. त्यामुळे तिघं एकमेकांना फोनवर सांगताना "लिंकवर क्लिक कर, मग काय दिसतं?" या प्रश्नाला तीन उत्तरं. भांडणं व्हायची बाकी होती.

यातला खरा त्रास झाला तो कोर्टात. ज्युनियरने सांगितलेलं आहे, मी तिथे नव्हते. युक्तिवाद चालू असताना कोर्टाने एका पत्राचं पान विचारलं, साहेब अनुक्रमणिकेतून तिकडे गेले, मग मूळ मुद्द्याच्या पानावर परत यायचं होतं आणि येता येईना. ज्युनियरने शेजारून कागदी पेपरबुक सरकवलं म्हणून निभावलं. त्या दिवशी संध्याकाळी साहेब म्हणाले, "त्या लिंका बिंका काढून टाका सगळ्या." ज्युनियरचा चेहरा पडला, कारण तिचे तासन्तास गेले होते त्यात.

क्लिकचं मुळात कसं असतं

पर्यायांकडे जायच्या आधी हे सांगायलाच हवं, कारण ऑफिसात प्रत्येक जण मला एकच म्हणत होता, "तुम्ही फाइलमध्येच असं काहीतरी करून द्या ना की लिंक नवीन टॅबमध्ये उघडेल."

तर ते होत नाही. पीडीएफमधली लिंक म्हणजे पानावरचा एक अदृश्य चौकोन असतो, त्याला एक कृती जोडलेली. आतल्या पानावर जायची कृती वेगळी, दुसऱ्या पीडीएफमध्ये जायची वेगळी, वेब पत्त्यावर जायची वेगळी. दुसऱ्या फाइलमध्ये जायच्या कृतीला "नव्या विंडोत उघड" अशी खूण लावायची सोय पीडीएफच्या मानकात आहे (2008 पासून ते आयएसओ 32000 नावाचं मानक आहे, मूळ फॉर्मॅट अडोबीने 1993 ला आणला), पण वेब पत्त्याच्या कृतीला अशी खूणच नाही. वेबपेज बनवणारा लिंकला नव्या टॅबचं सांगू शकतो, पीडीएफ बनवणारा नाही. त्यातही जावास्क्रिप्ट घुसवून करतात काही लोक, पण ते एका रीडरमध्ये चाललं तर दुसऱ्यात चालेल याचा काही भरवसा नाही आणि कोर्टात दाखल करायच्या फाइलमध्ये स्क्रिप्ट घालायची हे मला अजिबात पटत नाही.

म्हणजे क्लिक केल्यावर काय होणार हे ठरवतो व्ह्युअर, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ उघडलीय तो. डावा क्लिक, चाकाचा क्लिक, कंट्रोल धरून क्लिक, प्रत्येकाचं उत्तर ज्याचं त्याचं. क्रोममध्ये वेबच्या लिंकवर चाकाने किंवा कंट्रोल धरून क्लिक केलं की नवा टॅब. एविन्समध्ये आतल्या लिंकवर चाकाने क्लिक केलं की तीच फाइल दुसऱ्या विंडोत त्या पानावर उघडते, पण लाटेकवाल्यांना (कोडसारखा मजकूर लिहून त्यातून पीडीएफ बनवणाऱ्यांना) माहीत असेल, तिथे कंट्रोल-क्लिकचं काम भलतंच आहे, ते सोर्स फाइलमधल्या ओळीकडे नेतं. अॅक्रोबॅटमध्ये दुसऱ्या पीडीएफकडे जाणारी लिंक त्याच विंडोत उघडायची की वेगळ्या हे प्रेफरन्समध्ये असतं आणि कंट्रोल धरून क्लिक केलं की त्या सेटिंगच्या उलट होतं.

यात वर्डने अजून गोंधळ घातलेला. वर्डमध्ये लिंक उघडायची तर कंट्रोल धरून क्लिक, लिब्रेऑफिसमध्येही तसंच, कारण तिथे मजकूर दुरुस्त करायचा असतो, नुसता क्लिक हा कर्सर ठेवायला लागतो. काकू दिवसभर तिथेच, त्यामुळे पीडीएफमध्येही त्या कंट्रोल धरूनच क्लिक करायच्या आणि मग म्हणायच्या "माझ्याकडे काहीतरी वेगळंच होतंय". आणि फाइल उघडायला डबल क्लिक. एका माणसाने दिवसभरात एकाच माउसने तीन नियम पाळायचे, तेही कोणता कुठे हे स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं नसताना.

समोर असलेले पर्याय

साहेबांचा पर्याय, लिंका काढा, बुकमार्क ठेवा. वाटतो तितका वाईट नव्हता. बुकमार्क तसेही फायलिंगला लागतातच, बाजूच्या पट्टीत कायम दिसतात, वाचताना चुकून त्यावर क्लिक पडत नाही. अडचण एवढीच की साहेबांचा लॅपटॉप चौदा इंची, त्यात दीडशे टक्के झूम, त्यात पट्टी उघडली की पान अर्धं कापलं जातं.

दुसरा पर्याय, सगळीकडे वर्डसारखं कंट्रोल-क्लिक. मला मनापासून आवडला असता. पण रीडरमध्ये तसं सेटिंग सापडलं नाही. उलटं करता येतं, म्हणजे वर्डमध्ये कंट्रोलची अट काढता येते, ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्ड खाली एक टिक आहे. ज्युनियर म्हणाली करूया, काकूंनी ठाम नकार दिला. अनुक्रमणिकेतला एक शब्द दुरुस्त करायला क्लिक केलं आणि शंभर पानं खाली जाऊन पडले तर माझं काम कोण करणार, असं त्यांचं म्हणणं. बरोबर होतं ते. तो पर्याय तिथेच सोडला.

तिसरा, साहेबांनाच एक क्लिक शिकवायचा. हा सगळ्यांना सोपा वाटत होता, साहेब सोडून. विंडोजमध्ये फोल्डर ऑप्शन्समध्ये फाइली एका क्लिकने उघडायची सोय आहे, ती लावून दिली तर हाताची सवयच बदलेल असंही डोक्यात आलं. मग लक्षात आलं की साहेब बार रूममधल्या कॉम्प्युटरवर, घरी मुलाच्या लॅपटॉपवर, सगळीकडे बसतात, तिथे डबल क्लिकच लागणार. एका ठिकाणी सवय मोडून दुसऱ्या ठिकाणी अडायचं. नको म्हटलं.

चौथा, प्रत्येक एक्झिबिटची वेगळी पीडीएफ आणि अनुक्रमणिकेतून त्यांना लिंक, म्हणजे मूळ फाइल जागेवर राहते आणि एक्झिबिट वेगळं उघडतं. एका ज्युनियरने हे आधी एका मॅटरमध्ये करून बघितलं होतं. पेन ड्राइव्हवर फोल्डर हलवलं आणि सगळ्या लिंका मेल्या, कारण त्यात त्याच्या लॅपटॉपचा पूर्ण पत्ता शिरला होता. शिवाय दाखल करायला एकच सलग फाइल लागते. बाद.

पाचवा, सगळ्यांना एकच व्ह्युअर द्यायचा, म्हणजे निदान प्रश्नाचं उत्तर एक येईल. सहावा, व्ह्युअर कोणताही असो, फाइलच अशी बनवायची की चुकीचा क्लिक पडला तरी नुकसान होऊ नये. शेवटी पाचवा आणि सहावा मिळून केलं, आणि साहेबांचा बुकमार्कवाला आग्रहही ठेवला.

काय केलं

आधी फाइल. अनुक्रमणिकेतली अख्खी ओळ लिंक होती ती काढून फक्त पान नंबरच्या रकान्यात लिंक ठेवली, "पान 47" एवढ्यावरच. वाचायचा मजकूर मोकळा. एवढ्या एका बदलाने साहेबांच्या निम्म्या तक्रारी थांबल्या, खरं सांगायचं तर बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं कदाचित.

मग झूम. लिंकच्या गुणधर्मात पूर्ण पानाऐवजी "आहे तोच झूम ठेव" हा पर्याय असतो, इंग्रजीत त्याला इनहेरिट झूम म्हणतात. ज्युनियरच्या एडिटरमध्ये तो डिफॉल्ट करून दिला, म्हणजे पुढच्या फाइलींना वेगळं काही करायला नको.

मग परतीची वाट. प्रत्येक एक्झिबिटच्या पहिल्या पानावर "अनुक्रमणिका" अशी छोटी लिंक, परत तिथे नेणारी. ऑल्ट आणि डावा बाण सगळ्यांना शिकवलाच, पण एविन्समध्ये परत यायची किल्ली वेगळी, मोबाइलवर तर किल्ल्याच नाहीत. पानावरच लिंक छापलेली असली की कोणाला काही आठवावं लागत नाही.

मग व्ह्युअर. फायरफॉक्स निवडला, कारण तो विंडोजवर आणि उबुंटूवर दोन्हीकडे आहे आणि त्यातला पीडीएफ व्ह्युअर दोन्हीकडे सारखाच वागतो. आतल्या लिंकवर साधा क्लिक केला की त्याच जागी उडी, ऑल्ट-डावा बाण किंवा ब्राउझरचं मागे बटण दाबलं की बरोबर पूर्वीच्या जागी. चाकाने क्लिक केलं की तीच फाइल नव्या टॅबमध्ये त्या पानावर उघडते, मूळ पान जसंच्या तसं. ज्युनियरना हे इतकं आवडलं की एक टॅब याचिकेचा परिच्छेद, एक टॅब एक्झिबिट, असं शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. शिवाय फाइल बंद करून पुन्हा उघडली तरी शेवटचं पान लक्षात ठेवतो.

वेबच्या लिंकांसाठी अबाउट-कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगचं पान) पीडीएफजेएसच्या, म्हणजे त्याच्या पीडीएफ व्ह्युअरच्या, नावाखाली एक्स्टर्नललिंकटार्गेट असं सेटिंग आहे, मूळ किंमत 0, ती 2 केली की पीडीएफमधली वेब लिंक नेहमी नव्या टॅबमध्ये उघडते. ज्या गोष्टीसाठी सगळे फाइलमध्ये काहीतरी करा म्हणत होते ती इथे एका आकड्यात झाली, फक्त ती प्रत्येक मशीनवर जाऊन करावी लागते आणि दुसऱ्याच्या मशीनवर आपलं काही चालत नाही.

साहेबांच्या लॅपटॉपवर माउस नसतो कोर्टात, टचपॅड. विंडोज 11 च्या सेटिंगमध्ये तीन बोटांच्या टॅपला चाकाचा क्लिक लावता येतो, तो लावला. साहेबांनी एकदाही वापरला नाही, पण ज्युनियर त्यांच्या लॅपटॉपवर बसते तेव्हा वापरते.

मधेच आलेल्या दोन भानगडी

फाइल नवीन पद्धतीने झाली, सगळीकडे तपासली, आणि दोन दिवसांत फोन. "मॅडम, बाकी सगळ्या लिंका चालतात, फक्त एक्झिबिट ए ची चालत नाही. तीही कधी कधी चालते."

कधी कधी हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तिथे गेलं की नेमकं चालत असतं. ज्युनियरकडे चालत होती, काकूंकडे चालत होती, माझ्याकडे चालत होती. साहेबांकडे नाही. मग त्यांना करायला सांगितलं आणि पडद्याकडे न बघता हाताकडे बघितलं. डबल क्लिक! अनुक्रमणिकेत पान नंबर उजव्या रकान्यात, आणि एक्झिबिट ए ची ओळ सगळ्यात वर. परतीची "अनुक्रमणिका" लिंक आम्ही ठेवली होती पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात. म्हणजे साहेबांचा पहिला क्लिक एक्झिबिट ए वर न्यायचा आणि कर्सर न हलता दुसरा क्लिक नेमका परतीच्या लिंकवर पडून माघारी आणायचा, इतक्या झटपट की डोळ्याला काही झालंच नाही असं वाटावं. खालच्या ओळींना हे होत नव्हतं कारण तिथे कर्सर खाली असायचा. आणि कधी कधी चालायची ती यामुळे की स्कॅन केलेलं पान जड, पहिल्यांदा उघडताना ते चित्रासारखं हळूहळू उमटतं, त्यावरची लिंक तयार व्हायच्या आत दुसरा क्लिक पडून गेलेला असतो. एकदा पान उघडून झालं की पुढच्या वेळी लगेच तयार, मग घोळ.

परतीची लिंक खाली डाव्या कोपऱ्यात नेली, विषय संपला. अनुक्रमणिकेत डाव्या बाजूला लिंकच नाही, त्यामुळे दोन लिंका एकमेकांच्या डोक्यावर येऊच शकत नाहीत.

दुसरी भानगड काकूंची. चाकाचा क्लिक शिकवला तो त्यांनी मनावर घेतला. पण उबुंटूमध्ये चाकाच्या क्लिकला अजून एक काम असतं, जो मजकूर शेवटी सिलेक्ट केलेला असेल तो कर्सरच्या जागी चिकटवायचं. पीडीएफमधून लिब्रेऑफिसमध्ये आल्यावर चाक फिरवताना ते चुकून दाबलं गेलं आणि एका मॅटरमधला पत्ता दुसऱ्या मॅटरच्या प्रतिज्ञापत्रात मधेच जाऊन बसला. काकूंच्या तिखट नजरेमुळे प्रिंटच्या आधी सापडला, नाहीतर शपथेवर भलत्याच माणसाचा पत्ता गेला असता. उबुंटूत ट्वीक्स नावाचा प्रोग्रॅम टाकून हे चाकाने चिकटवणं बंद करता येतं, ते केलं. वकिलाच्या ऑफिसात लिनक्स टाकताना हे पहिल्या दिवशी बंद करायला पाहिजे असं माझं आता ठाम मत आहे.

झालं काय

साहेब अजूनही डबल क्लिकच करतात. दुसरा क्लिक रिकाम्या जागी पडतो, एखादा शब्द निळा होतो, त्यांना त्याचं काही वाटत नाही. "आता उडत नाही" एवढंच म्हणतात. खरी मजा म्हणजे ते स्वतः लिंका कमी आणि बुकमार्क जास्त वापरतात, ऑफिसात मोठा मॉनिटर लावल्यापासून पट्टी उघडीच असते. लिंका ज्यांच्यासाठी घातल्या त्यांनी सोडल्या आणि बाकी सगळे वापरतात.

ज्युनियरचा वेळ वाचला का? पीडीएफ बनवण्यात नाही, उलट परतीच्या लिंकांनी थोडा वाढलाच. वाचतो तो वाचताना आणि तपासताना. पान नंबर बरोबर आहेत का हे बघायला आता ती नुसत्या लिंका दाबत जाते, आणि त्यात एक वेगळाच घोळ सापडला, सुरुवातीच्या सिनॉप्सिसची (प्रकरणाच्या सारांशाची) पानं ए, बी, सी अशी असल्यामुळे छापलेलं पान 47 हे फाइलमधलं 53 वं पान निघतं आणि कोणीतरी नेहमी तिथे फसतं. त्यासाठी पानांना लेबल लावता येतात, ते काम अजून व्हायचंय.

एकदा सगळ्या लिंका गायब झाल्या होत्या. क्लार्कमामांनी पानावर शिक्का बसवायला म्हणून फाइल "प्रिंट टू पीडीएफ" केली. प्रिंट केली की लिंका जातात, बुकमार्कही जातात, उरतं ते नुसतं चित्र आणि मजकूर. मामांना आता सांगितलंय, फाइल सेव्ह करा, प्रिंट नका करू, आणि सगळ्यात शेवटी ज्युनियर एकदा दोन-तीन लिंका दाबून बघते, मगच अपलोड.

मोबाइलवर मात्र नवीन तक्रार आली. अशिलांना पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते, ते फोनवर उघडतात. फक्त पान नंबरवर लिंक, म्हणजे माउसला एकदम बरोबर, पण अंगठ्याला तो नंबर इवलासा. बाजूच्या ओळीचं एक्झिबिट उघडतं. लिंकचा चौकोन अक्षरांपेक्षा मोठा ठेवता येतो, तो त्या रकान्याएवढा करून दिलाय आणि अनुक्रमणिकेच्या ओळींमध्ये जागा वाढवलीय. त्यामुळे एका पानाची अनुक्रमणिका दोन पानांची झाली आणि काकू त्यावरून नाराज आहेत.

कुठे वेगळं करता आलं असतं

ज्युनियरने लिंका घालायच्या आधी एक पाच पानांची नमुना फाइल करून ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर उघडून बघितली असती तर झूम, अख्खी ओळ आणि वेब लिंका हे तिन्ही त्याच दिवशी दिसलं असतं. तिने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर तपासलं, आणि तिथे सगळं छान होतं. अशी नमुना फाइल आता आहे, एक साधी लिंक, एक वेबची, एक परतीची, नवीन मशीन आलं की आधी ती उघडायची.

व्ह्युअर बदलायचा निर्णय थोडा थांबला असता तरी चाललं असतं असं मला वाटतं. फाइल नीट केल्यावर साहेबांच्या रीडरमध्येही सगळं ठीक चालत होतं, ऑल्ट-डावा बाण तिथेही आहेच. फायरफॉक्समुळे ज्युनियरचा फायदा झाला, साहेबांना मात्र नवीन बटणं शोधावी लागली, पिवळा हायलाइट कुठे गेला यावर एक अख्खी दुपार गेली. आधी फाइल, आठवडाभर बघा, मग लागलं तर व्ह्युअर, हा क्रम बरा पडला असता.

सुरक्षेच्या पाटीबद्दल ऑफिसात दोन मतं आहेत आणि मी साहेबांच्या बाजूची आहे. ज्युनियरचं म्हणणं, फायरफॉक्समध्ये ती पाटी येत नाही ते बरं. पण विरुद्ध बाजूकडून, कुठल्याशा मेलमधून आलेल्या पीडीएफमधल्या लिंकवर साहेब डबल क्लिक करणार आणि कुठे जातोय हे न विचारता साइट उघडणार, हे मला पटत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या फाइली साहेबांच्या लॅपटॉपवर अजूनही रीडरमध्येच उघडतात, आपल्या फाइली फायरफॉक्समध्ये. दोन फोल्डर, दोन शॉर्टकट. ज्युनियर म्हणते हे जुगाड आहे, आहेच ते. पुढच्या महिन्यात क्लार्कमामांना नवीन मशीन येतंय, त्यावर काय टाकायचं याचा वाद अजून चालूच आहे.